रेडिओच्या दारातून गेलेली बाई

मी चौकट बोलतेय. दारासकटची चौकट. चार चाकांवर उभी असते, बूड जड आहे, आणि माझ्या दोन्ही बाजूंना भिंत नाही. म्हणजे माझ्यातून गेलेला माणूस कुठेच जात नाही. इकडचा तिकडे होतो, बस्स. हसू आलं असेल तर हसून घ्या. तुमच्या घराच्या दारानं जन्मात जेवढी माणसं आत घेतली नसतील, तेवढी मी एका हिवाळ्यात घेतली आहेत, आणि तीही देशातल्या घराघरांत एकाच वेळी. मी रेडिओचं दार आहे.

मला कुणी काही शिकवलं नाही. डच मी नाटकं ऐकून शिकले, जर्मन भीतीनं शिकले आणि मराठी न्यूनेनमधल्या एका गॅरेजमध्ये शिकले. त्यामुळे माझं मराठी गॅरेजमधलं वाटलं तर वाटू दे. बोलायचं ते मी बोलणारच.

हिल्व्हर्सम हे नेदरलँड्समधलं रेडिओचं गाव. तिथल्या एका स्टुडिओसाठी, दुसऱ्या महायुद्धाच्या थोडं आधी, मला घडवलं. लाकूड ओकचं. एका अंगाला पितळेची गोल मूठ, श्रीमंतांच्या घरासाठी. दुसऱ्या अंगाला लोखंडी कडी, गरिबाच्या घरासाठी. पत्रं टाकायची फट, तिच्यावर झाकण. एक जाड खिटी, ती फक्त भीतीच्या प्रसंगांना. तीन बिजागऱ्या, त्यांतली मधली मुद्दाम कुरकुरती ठेवलेली. माझी कुरकुर देशात प्रसिद्ध होती. हे मी फुशारकीनं सांगतेय आणि सांगणारच.

स्टुडिओत आवाजांचा सगळा कारभार बेप नावाच्या बाईकडे होता. जाडजूड, तोंडानं फटकळ, सिगरेटशिवाय न दिसणारी. पत्रा हलवून वीज कडकडवायची, खड्यांच्या ताटातून घोडागाडी न्यायची. नट-नट्या मायक्रोफोनपुढे नुसत्या पायमोज्यांवर उभ्या राहायच्या, कारण पावलांचे आवाज काढायचे ते बेपनंच. ज्याचं पात्र त्याचे बूट ती हातांत घालायची आणि फळीवर चालवायची. बाईची चाल, म्हाताऱ्याची चाल, दारुड्याची चाल, सगळं त्या दोन हातांत.

तिचा एकच नियम होता आणि नवीन आलेल्या प्रत्येकाला तो ती ओरडून सांगायची. “ऐकणाऱ्याला डोळे नसतात, गाढवांनो! दार लागल्याचं ऐकू आलं नाही, तर माणूस गेलेलाच नाही. तो खोलीतच आहे. कळलं?”

मला तेव्हा हा नुसता कामाचा नियम वाटला होता.

मग लढाई आली. जर्मनांनी रेडिओ ताब्यात घेतला. बातम्या त्यांच्या झाल्या, पण गाणी आणि नाटकं चालूच राहिली. लोकांना वाटतं, लढाईत नुसते भोंगे आणि बाँब असतात. अहो, लढाईत सकाळी ऑर्गन असतो! त्या दिवसाचं मला सगळं आठवतं. फेब्रुवारी महिना, बाहेर बर्फ, स्टुडिओत कोळसा बेताचा. सकाळी ऑर्गन वाजला, नंतर मुलांचा कोरस झाला. दुपारी नाचाच्या गाण्यांचा बँड. त्यांना इंग्रजी-अमेरिकी गाणी वाजवायला बंदी होती, म्हणून पठ्ठ्यांनी गाण्यांची नावं बदलून टाकली होती. चाली त्याच. साहेब लोक काचेपलीकडे बसून त्याच चालींवर बोटं वाजवायचे. त्यानंतर बातम्या, त्या मी ऐकायची नाही. मग अकॉर्डियन. आणि संध्याकाळी नाटक.

नाटक विनोदी होतं. त्या दिवसांत विनोदीच चालायचं. एक चिडकी मालकीण, एक बावळट जावई आणि एक मोलकरीण. मोलकरीण पाव आणायला जाते आणि परत येते. त्या काळच्या नाटकांत मोलकरीण पाव आणायला जायचीच.

मोलकरणीचं काम सेलमा करायची. विशीतली पोर. आवाज असा की ऐकणाऱ्याला वाटावं, ही आत्ताच हसून आलीय. सेलमा ज्यू होती. ज्यू कलावंतांना रेडिओनं केव्हाच काढून टाकलं होतं. ही दुसऱ्याच बाईच्या नावावर आणि दुसऱ्याच बाईच्या कागदांवर काम करत होती. रेडिओत चेहरा कुणाला दिसतो? पण कुणीतरी बोललं. कोण, ते मला आजही ठाऊक नाही. ठाऊक असतं तर आत्ता नाव घेतलं असतं, सोडलं नसतं.

नाटक सुरू झालं, लाल दिवा लागला, आणि बाहेरच्या बोळात ओव्हरकोट घातलेले दोन जण येऊन उभे राहिले. दाराच्या काचेतून पाठमोरे दिसत होते. आत आले नाहीत. चालू कार्यक्रम थांबवायचा नाही, हा हुकूम त्यांच्याच लोकांचा होता. बोळात भिंतीवर लाउडस्पीकर होता, त्यावर ते नाटक ऐकत होते. घाई कसली? स्टुडिओतून बाहेर पडायला दार एकच, बोळातलं. नाटक संपलं की पोर बाहेर येणार.

दार एकच, असं त्यांना वाटत होतं. स्टुडिओच्या मागे पडदा होता. पडद्यामागून बँडवाल्यांची मोठी वाद्यं आत आणायची वाट होती.

बेपनं सेलमाकडे पाहिलं. सेलमानं बेपकडे पाहिलं. मायक्रोफोन चालू होता, बोलता येतच नव्हतं. सेलमानं आपलं वाक्य म्हटलं, “बाईसाहेब, पाव घेऊन येते.” बेपनं मला उघडलं, सेलमाच्या बुटांची चार पावलं फळीवर चालवली आणि मला लावलं. खट्. देशानं ऐकलं, मोलकरीण बाहेर गेली. आणि ती खरीच गेली. पायमोज्यांवर, गालिच्यावरून, पडद्याआड. बूट बेपच्या हातांत राहिले. बर्फात ती अनवाणीच गेली म्हणा ना.

आता ऐका. नाटकात ती परत यायची होती. आली नाही, तर बोळातल्या दोघांना कळणार. बेपनं वेळ झाल्यावर माझी मूठ फिरवली, मला कुरकुरत उघडलं आणि ते रिकामे बूट आत चालवत आणले. सेलमाची नेमकी चाल, जरा उड्या मारणारी. आणि मालकिणीचं काम करणारी नटी, जिचं सेलमाशी हाडवैर होतं, जी तिला कपभर कॉफी विचारत नव्हती, तिनं सेलमाच्या आवाजात म्हटलं, “पाव संपले, बाईसाहेब, बन आणलेत.” पुढचं अख्खं नाटक ती बाई दोन आवाजांत स्वतःशीच भांडत होती. बोळातले दोघं हसले. त्यांचे खांदे हलताना मी पाहिलेत.

नाटक संपलं. दोघं आत आले तेव्हा फळीवर बूट होते, बाई नव्हती. बेपला घेऊन गेले. ती परत आली ते एका कानानं बहिरी होऊन. परत आल्या आल्या तिनं मला पुसलं आणि काम सुरू केलं.

सेलमाचं काय झालं, कुणाला कळलं नाही. लढाई संपल्यावर बेपनं खूप विचारलं, खूप फिरली. वाचली, असं कुणी सांगितलं नाही. मेली, असंही कुणी सांगितलं नाही.

पण मला एक गोष्ट कळली होती, आणि ती मी कुणाला सांगू शकत नव्हते. पाव घेऊन आल्यावर मोलकरीण नाटकात पुन्हा बाहेर जात नाही. लिहिलेलंच नव्हतं. ती आत आली, अख्ख्या देशानं ऐकलं, आणि बाहेर गेल्याचं कुणीही ऐकलं नाही. बेपचा नियम आठवा. दिवे गेले, माणसं गेली, स्टुडिओला कुलूप लागलं, आणि मला पावलं ऐकू आली. पायमोज्यांची. माझ्या आतल्या अंगाला. इकडून तिकडे, तिकडून इकडे.

निवृत्तीच्या दिवशी बेपनं माझ्या ओकवर तळहात ठेवला. म्हणाली, “अजून आतच आहे गं ती.” म्हणजे तिलाही ऐकू येत होतं. बहिऱ्या कानानंच येत असेल.

पुढे टेप आल्या. दार लागल्याचा आवाज डब्यात भरून मिळायला लागला, मग मला कोण विचारतो? एका टेपवर माझाच आवाज होता, कुरकुरीसकट, आणि तो लावून लोक मलाच कोपऱ्यात ढकलत होते. असल्या जगाचं करायचं काय? बरीच वर्षं मी एका शेडमध्ये पडून होते. सेलमाही होतीच. दुसरीकडे जाणार कुठे?

तिथून मला गुरुनाथनं काढलं.

गुरुनाथ म्हणजे आइंडहोवनला चिपच्या मशिनांवर काम करणारा इंजिनिअर, राहायला न्यूनेनमध्ये. कॉलेजात असताना सांगलीच्या आकाशवाणीवर श्रुतिकांमधून कामं केलेला. आवाज काय होता! जुन्या बाजारात मला पाहिलं आणि हा माणूस माझ्यापुढे उभा राहून लहान पोरासारखा हसायला लागला. व्हॅन भाड्यानं घेऊन मला न्यूनेनला आणलं. त्याची बायको उत्तरा गॅरेजच्या तोंडाशी कमरेवर हात ठेवून उभी.

“अहो, घराला दार आहे आपल्या.”

“हे रेडिओचं दार आहे, उत्तरा.”

“मग रेडिओलाच ठेवू द्यायचं होतं. सायकली कुठे लावू आता, डोक्यावर?”

दुसऱ्या दिवशी तिनं काय केलं असेल? माझ्या बिजागऱ्यांना खोबरेल तेल घातलं. कुरकुरतंय बिचारं, म्हणून! माझी कुरकुर! गुरुनाथनं कपाळावर हात मारला. कुरकुर परत यायला दोन हिवाळे गेले. तरी मी तिला माफ केलं, कारण दसऱ्याला तिनं मला झेंडूचं तोरण बांधलं. हिल्व्हर्सममध्ये इतकी वर्षं काढली, एकानं माझ्यावर फूल ठेवलं नव्हतं.

शनिवारी आइंडहोवनची, ब्रेडाची मराठी मंडळी जमायची. मंडळाच्या दिवाळीसाठी श्रुतिका रेकॉर्ड व्हायची. दार उघडायचं-लावायचं काम उत्तराचं, आणि त्यावरून दर वेळी जुंपायची. पात्र निरोप घेऊन बाहेर जायचं, आणि ही मला उघडंच धरून उभी.

“अगं, लाव ना दार! गेला ना तो!”

“लगेच कसं लावू? पाहुणा आहे. तोंडावर दार लावल्यासारखं होतं. वळणापर्यंत तरी जाऊ दे.”

“कुठलं वळण? गॅरेज आहे हे! तो बघ अंबरीश, फ्रीझरपाशी उभा आहे!”

“असू दे. माझ्या हातून नाही लागणार.”

आणि अंबरीश फ्रीझरपाशी उभं राहून फसफसून हसायचा, की रेकॉर्डिंग परत पहिल्यापासून. डच माणूस पाहुणा निघाला की थंडीच्या भीतीनं दार चटकन लावतो. या लोकांचं तसं नाही. निघालेला माणूस दिसेनासा होईपर्यंत दारात उभं राहायचं, मग हळूच दार लोटायचं. मला आधी हे गबाळं काम वाटलं. बेपनं तर उत्तराला झोडपलं असतं.

गेल्या तीन-चार वर्षांत गुरुनाथ विसरायला लागला. आधी चाव्या, मग सहकाऱ्यांची नावं, मग रस्ते. संध्याकाळ झाली की त्याला एकच ध्यास लागायचा, “घरी जायचंय.” स्वतःच्या घरात बसून घरी जायचंय. उत्तरा समजावून दमायची. एका संध्याकाळी ती वैतागून म्हणाली, “चला, घरी चला,” आणि हात धरून त्याला माझ्यापुढे आणलं. त्यानं माझी मूठ फिरवली, इकडून तिकडे आला, आणि त्याचा चेहरा उतरलेला होता तो एकदम खुलला. “आलो गं,” तो म्हणाला. आणि निवांत चहा प्यायला.

मग ते रोजचंच झालं. संध्याकाळी तो माझ्यातून घरी यायचा. मी तुम्हाला सांगते, हजारो माणसं माझ्यातून आल्याचं मी खोटं खोटं ऐकवलंय. पण माझ्यातून खरोखर घरी पोचलेला माणूस एकच. हा.

एकदा “आलो गं” म्हणून तो थबकला. माझ्या आतल्या अंगाकडे, कोपऱ्याकडे पाहिलं. म्हणाला, “ती बाई कधीची बसलीय? तिला चहा दे.”

“कुठली बाई?”

“ही. पायांत काही नाही तिच्या. फरशी गार आहे, उत्तरा.”

उत्तरा मागे वळून पाहीना. मी लाकूड आहे, पण शहारले. ऐंशी वर्षांत बेपशिवाय कुणालाही कळलं नव्हतं, ते या विसरलेल्या माणसाला दिसत होतं. त्या दिवसापासून उत्तरा तीन कप आणायची. तिसरा तसाच गार व्हायचा, आणि ती तो घाईघाईनं सिंकमध्ये ओतायची.

त्यांची मुलगी ऋजुता हूफडॉर्पला राहते. पोर वाईट नाही. जानेवारीत बाबा पायजम्यावर घराबाहेर पडले आणि सायकलींच्या रस्त्यावर पोलिसांना सापडले, तेव्हापासून तिची झोप गेली होती. हूफडॉर्पजवळच्या एका नर्सिंग होममध्ये जागा मोकळी झाली. सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं.

“आई, तुझं वय काय आहे? आणि आता बाबांना बायका दिसतात!”

“एकच बाई दिसते.”

“आई, प्लीज!”

“मी बघतेय ना त्यांचं? रविवारी रेडिओवर बघ. माणूस कामाचा आहे अजून. हात सगळं जाणतात त्यांचे. रविवार नीट पार पडला तर तो विषय बंद. कबूल?”

ऋजुता म्हणाली, “कबूल. पण नीट नाही झालं तर तूही नाही म्हणायचं नाहीस.”

रविवारचं असं होतं. न्यूनेनमधल्या छोट्या रेडिओ स्टेशनवर योस्त नावाचा माणूस आहे, जुन्या गोष्टींनी झपाटलेला. मे महिन्यात लढाईची आठवण काढतात, त्यानिमित्त त्यानं ठरवलं की एक अख्खा दिवस लढाईच्या काळातल्यासारखा रेडिओ करायचा. सकाळी ऑर्गन, दुपारी नाचाचा बँड, संध्याकाळी तशाच ढंगाचं नवीन लिहिलेलं विनोदी नाटक, थेट प्रक्षेपण, आवाज सगळे हातानं काढायचे. मंडळात कुणीतरी त्याला माझ्याबद्दल सांगितलं. उत्तरानं अट घातली, चौकट हवी असेल तर दार माझा नवरा चालवणार. नाटक डचमध्ये, पण दाराला कुठली भाषा?

मला पुन्हा स्टुडिओत नेलं. लाल दिवा, काच, पायमोज्यांवरची माणसं. माझी छाती भरून आली, खोटं कशाला बोलू. दिवसभर ती जुनी गाणी चालली होती. बँड सुरू झाला तेव्हा माझ्या आतल्या अंगाची पावलं थांबली. ऐकत असावी.

संध्याकाळी नाटक. काचेपलीकडे ऋजुता, हात घट्ट जुळवलेले. माझ्या एका बाजूला गुरुनाथ, शेजारी उत्तरा. पहिली चार दारं त्यानं अशी उघडली आणि लावली की बेपनं टोपी काढली असती. रागाचं दार रागाचं, चोरट्याचं चोरट्याचं. योस्तनं अंगठा दाखवला. काचेपलीकडे ऋजुता हसली, आणि उत्तरानं पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

मग मोलकरीण पाव आणायला निघाली.

नटीनं वाक्य म्हटलं. गुरुनाथनं मूठ फिरवली, मला उघडलं. आणि तो खाली बघत राहिला. जमिनीकडे, तिथे कुणाचे तरी पाय असावेत तसा.

“अहो,” तो मराठीत म्हणाला, मायक्रोफोन उघडा असताना, “अनवाणी कुठे निघालात?”

कुणाला काही कळेना. नटी हातातल्या कागदाकडे बघायला लागली. गुरुनाथनं पायांतल्या सपाता काढल्या, वाकून माझ्या उंबऱ्यापलीकडे नीट जोडीनं ठेवल्या. उलट्या नाहीत, बाहेर निघणाऱ्याला पाय घालता येतील अशा. “हं. आता जा. सावकाश जा. बाहेर कुणी नाहीये.”

आणि मला उघडं धरून तो उभा राहिला.

रेडिओवर शांतता म्हणजे पाप. योस्त काचेमागून दोन्ही हातांनी खुणा करत होता, लावा, लावा, दार लावा! उत्तराचा हात माझ्या फळीवर होता. एक धक्का दिला असता तर खट् झालं असतं, नाटक पुढे सरकलं असतं, घरोघरच्या लोकांना वाटलं असतं काहीतरी गंमत होती. तिचा सोमवार वाचला असता. तिला हे कळत होतं. 

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो दूर कुठेतरी बघत होता, कुणीतरी लांब लांब जातंय आणि वळणापर्यंत पोचायचंय, तसा. तिनं फळीवरचा हात काढला. त्याच्या शेजारी उभी राहिली आणि तीही तिकडेच बघायला लागली.

तेव्हा मला ते जाणवलं. माझ्यातून वारा बाहेर गेला. आत येणारा नव्हे, बाहेर जाणारा. आणि सपातांची पावलं ऐकू आली, जरा उड्या मारणारी, दूर जाणारी, लहान होत जाणारी. मी घाई केली नाही. कुरकुरले नाही. ऐंशी वर्षं मला लावणाऱ्यांनीच तिला आत ठेवलं होतं. तिला कुणीतरी दारात उभं राहून जाऊ द्यायला हवं होतं, एवढंच.

सपाता जागच्या जागी होत्या. त्या हलल्या असं मी म्हणत नाही. मी ऐकलं तेवढंच सांगतेय.

गुरुनाथनं मला हळूच लोटलं. आवाजही झाला नाही. “गेली,” तो म्हणाला. योस्तनं घाईनं ऑर्गनची रेकॉर्ड लावली.

नंतर ऋजुता आत आली. डोळे लाल. तिनं वाकून बाबांच्या पायांत सपाता घातल्या. उठली, आणि आईला म्हणाली, “उद्या सकाळी मी फोन करतेय.”

“कर,” उत्तरा म्हणाली.

एवढंच. भांडण नाही, काही नाही. बोलून चालून शब्द दिलेला. गुरुनाथला होममध्ये घेऊन गेले तेव्हा मी परत गॅरेजात होते आणि शटर उघडं होतं. गाडीत बसताना त्यानं विचारलं, “घरी ना?” उत्तरानं त्याच्या सीटचा पट्टा लावला.

उत्तरानं त्या होमवाल्यांना विचारलं होतं, ही चौकट त्याच्या खोलीपाशी ठेवता येईल का? नियमात बसत नाही म्हणाले, येण्याजाण्याच्या वाटेत अडथळा. तिथल्या दाराला आकडे दाबावे लागतात. ज्याला घराचा रस्ता आठवत नाही, तो आकडे कुठून आणणार? दार म्हणून मला त्या दाराची लाज वाटते.

आता उत्तरा हूफडॉर्पला ऋजुताकडे राहते, रोज बसनं त्याच्याकडे जाते. न्यूनेनचं घर विकायला काढलंय. सामान हललं, मी गॅरेजात आहे. मध्ये एक संग्रहालयवाली मापं घेऊन गेली. मला काचेपाठीमागे ठेवणार, दोरी लावणार, हात लावू नये असं लिहिणार. लिहा बापडे.

सेलमाची पावलं त्या रविवारपासून नाहीत. मला वाटलं, आता मी शांत होईन. या वयात तेवढं तरी मिळावं.

पण संध्याकाळ झाली की कुणीतरी येतं. माझ्या बाहेरच्या अंगाला. सपाता घासत घासत येतो आणि थांबतो. हूफडॉर्पला खुर्चीत बसलेला माणूस इथे कसा, ते मला विचारू नका. मी त्याचा श्वास ओळखते. मूठ तो फिरवत नाही. त्याला वाटतंय आतून कुणीतरी उघडेल, इतकी वर्षं कुणीतरी होतं ना आत. माझ्या दोन्ही बाजू मोकळ्या आहेत, वळसा घालून कुणीही येईल. पण तो दारानंच येणारा माणूस आहे.

मला स्वतःला उघडता येत नाही हो. कुठल्याच दाराला येत नाही. मी आयुष्यात कुणापुढे हात पसरला नाही, आज पसरते. घर बघायला या, चौकट बघायला या, मापं घ्यायला या, कशालाही या, पण संध्याकाळी या. गॅरेजात आलात की डाव्या हाताला मी आहे. पितळी मूठ आहे, ती जरा दाबून फिरवावी लागते.

तो बाहेर उभा आहे. त्याला घरात घ्या.